आत्यांच्या ट्रंकेतील पोचपावत्या : मराठवाड्यातील पाच दिवस

आत्यांचे वर्षश्राद्ध झाले आणि चार दिवसांनी आम्ही लातूरच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या करायला घेतल्या. खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती. तीत जुन्या लुगड्यांच्या फडक्यांत बांधलेली कागदांची बासने होती आणि प्रत्येक बासनावर दोऱ्याने टाचलेल्या चिठ्ठीवर एका बाईचे नाव, तिच्या आईचे नाव, गाव आणि काम काय होते ते एका ओळीत लिहिलेले होते. ‘वारस नोंद’, ‘घर’, ‘निराधार’, ‘दवाखान्याचे कागद’. एका चिठ्ठीवर कामाच्या जागी फक्त ‘अपात्र’ एवढाच शब्द होता. बहुतेक कागद त्यांनी हयातीतच ज्याचे त्याला परत केले होते, हे वहीतील खुणांवरून कळले. नऊ बासने उरली होती. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते, ‘हे कागद लोकांचे आहेत. टपालाने पाठवू नयेत. हातात द्यावेत आणि पोच घ्यावी.’

पोच हा शब्द आत्यांच्या तोंडात मंत्रासारखा असे. अर्ज दिला, कारकुनाने तो घेतला आणि ‘ठेवून जा, बघतो’ असे म्हटले, तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मिळाल्याशिवाय टेबलापासून हलायचे नाही, हे त्यांनी लातूर, धाराशिव, बीड आणि परभणी या चार जिल्ह्यांतील किती बायकांना शिकवले याची गणती नाही. त्यांनी संस्था काढली नाही, कोणतेही पद घेतले नाही. वयाच्या 22 व्या वर्षी वैधव्य आल्यापासून 86 व्या वर्षापर्यंत त्या एकच काम करीत राहिल्या. बाईचे नाव जेथे लागायला हवे, त्या कागदावर ते लावून घेणे, हे ते काम. बायका त्यांना अक्का म्हणत. मी त्यांची भाची. पदर खोचून चाललेल्या त्यांच्या पाठीमागून मी फार थोड्या वेळा गेले, याची खंत या प्रवासात सतत सोबत होती.

पहिला दिवस, सोमवार : लातूर, औसा, किल्लारी

सकाळच्या एसटीने निघाले. 2023 पासून बायकांना एसटीचे अर्धे तिकीट आहे आणि त्याच्या आदल्या वर्षी 75 वर्षांवरील नागरिकांचा प्रवास मोफत झाला. आत्यांनी शेवटच्या दोन वर्षांत त्या सवलतीचा असा उपयोग केला की लातूरच्या बसस्थानकावरील वाहक त्यांना नावाने ओळखत. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, नुकतीच झाली होती. शिवारात पांडवांच्या पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपी अजून मोडल्या नव्हत्या, हरभऱ्याला घाटे धरले होते आणि औशाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीच्या काढणीची घाई दिसत होती.

किल्लारीला जुन्या गावठाणावर थांबले. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपी गेल्यावर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी येथे भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ 8 हजार माणसे गेली. या भागातील घरे दगडमातीची होती. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती मातीत रचलेल्या आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात हे घर गार राहते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माळवदावर माती चढत गेली आणि त्या रात्री तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. आता तेथे बाभळी माजल्या आहेत. दगडांच्या ढिगाऱ्यांतून उंबरे मात्र ओळखू येतात.

भूकंपाच्या सकाळी आत्या लातूरहून मिळेल त्या वाहनाने येथे आल्या. माझे वडील आमच्या गावातून घरोघरी गोळा केलेल्या भाकरी ट्रॅक्टरमध्ये भरून दुपारी पोहोचले. बहीण-भावांचे चौदा वर्षे बोलणे नव्हते. त्याचे कारण पाचव्या दिवसाच्या नोंदीत येईल. पाऊस पडत होता आणि आत्या एका ओट्याच्या कडेला बसून हयात बायकांची नावे लिहून घेत होत्या. वडिलांनी भाकरीचे गाठोडे त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले, ‘‘जेवलीस का?’’ वडील हा प्रसंग पुढे अनेकदा सांगत, पण आत्यांनी तो कधीच सांगितला नाही. त्या फक्त नावांविषयी सांगत.

त्या नावांचे महत्त्व पुढे कळले. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या 52 गावांचे पुनर्वसन नव्या जागी करायचे ठरले, तेव्हा घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि अगदी अल्प जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मध्यम धारणा असलेल्यांना 400 आणि मोठ्या खातेदारांना 750. ज्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागलेलेच नव्हते, ती दिराच्या कुटुंबात मोजली जाई किंवा भूमिहीन ठरे. नवरा ढिगाऱ्याखाली गेला आणि त्याच्या मागोमाग कागदावरून बाईही गेली, असे आत्या म्हणत. त्या वेळी त्यांनी लिहिलेली यादी, तीवर घेतलेले पंचांचे अंगठे आणि तहसिलातून मिळवलेली 1994 ची पोच हा एका बासनातील ऐवज होता.

त्याची मालकीण नव्या वसाहतीत भेटली. वय पंच्याहत्तरीचे, डोळ्यांचे शस्त्रक्रियेनंतरचे काळे चष्मे. ओसरीवर बसवून तिने आधी आंबील दिली, मग कागद हातात घेतला आणि न वाचताच कपाळाला लावला. ‘‘दीर म्हनला, तुला कशाला पाहिजे येगळं घर, खा आमच्यात. अक्का म्हनल्या, आज तो खा म्हनायलाय, उद्या त्याची सून म्हनंल का? मंग मी अंगठा दिला नाही त्येच्या कागदावर.’’ तिच्या दारावर ग्रामपंचायतीची पाटी आहे आणि तीवर तिचे स्वतःचे नाव आहे. नवी गावे चौकोनी आखणीची, ऐसपैस आहेत. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून असल्याने हाक मारली की शेजारीण येत असे, ती सोय गेली, ही तक्रार तिने तीस वर्षांनंतरही तितक्याच तळमळीने केली.

याच भागातील आणखी दोन बासने संध्याकाळपर्यंत पोहोचवली. ती स्थलांतर न झालेल्या गावांतील होती. तेथे सरकारी साहाय्याने ज्याने त्याने आपले घर दुरुस्त करायचे होते. त्या कामात लोकसहभागाची जबाबदारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे होती आणि गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. भिंतीत आडवा जोडदगड कुठे घालायचा, हप्ता कधी मिळतो, अभियंत्याला काय विचारायचे, हे गावाला समजावून सांगणाऱ्या या बायकांपैकी अनेकींनी त्याआधी ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती. एप्रिल 1993 मध्ये पंचायतींत बायकांना एक तृतीयांश राखीव जागा देणारी घटनादुरुस्ती अमलात आली होती. त्या कायद्याने खुर्ची दिली आणि भूकंपाच्या कामाने बोलण्याचे बळ दिले, असे मला वाटते. ज्या दोघींना मी कागद दिले, त्यांपैकी एक पुढे सरपंच झाली. तिच्या घरी मुक्काम केला.

दुसरा दिवस, मंगळवार : नळदुर्ग, अणदूर, तुळजापूर

सकाळी नळदुर्गच्या रस्त्याला लागले. किल्ला बसमधूनच पाहिला. अणदूरला ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’चे काम आहे. या संस्थेने गावातील कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. अशाच एका निवृत्त भारतवैद्य ताईंचे बासन माझ्याजवळ होते. आत्या आणि त्या दोघी मिळून गावात जात. ताई रक्तदाब आणि तापाची विचारपूस करीत आणि त्याच ओसरीवर आत्या शिधापत्रिका पाहायला मागत. दवाखान्याच्या निमित्ताने बाई एकटी बोलू शकते, पोलीस ठाण्याच्या निमित्ताने नाही, हे आत्यांनी या ताईंकडून शिकल्याचे वहीत नोंदवलेले आहे. ताईंनी मला पोच लिहून दिली, तीही ठसठशीत अक्षरात, तारखेसह.

मंगळवार देवीचा वार असल्याने तुळजापुरात पाय ठेवायला जागा नव्हती. कवड्यांच्या माळा, परडी घेतलेल्या आराधी बायका, हळदीकुंकवाचे ढीग आणि गोमुख तीर्थावरची रेटारेटी यांतून वाट काढीत मी महाद्वाराच्या मागील गल्लीत गेले. दुसरे बासन एका वृद्ध आराधी बाईचे होते आणि चिठ्ठीवर ‘वय’ असे लिहिले होते.

निराधार किंवा वृद्ध म्हणून अनुदान मिळण्यासाठी वयाचा पुरावा लागतो आणि निजामी राज्यात जन्मलेल्या बाईजवळ तो नसतो. शाळा नाही, म्हणून दाखला नाही. जन्म घरात झाला, म्हणून नोंद नाही. शिधापत्रिकेवर पोराने अंदाजाने वय सांगितलेले असते आणि त्या अंदाजात आई कधीकधी मुलापेक्षा अकरा वर्षांनी मोठी निघते. आत्यांनी यावर आपले एक पंचांग तयार केले होते. ते त्यांच्या वहीच्या पहिल्या दोन पानांवर आहे. निजामाची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, चालू होती तेव्हा तू केवढी होतीस? पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर 1948 मध्ये, कडेवर होतीस की चालत होतीस? एकाहत्तरच्या लढाईत लग्न झाले होते का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा पोटी कितवे लेकरू होते? इंदिरा गांधी गेल्या त्या दिवाळीत नातवंड झाले होते का? अशा पाच-सहा प्रश्नांतून त्या बाईचे वय वर्षा-दोन वर्षांच्या अंतरापर्यंत पक्के करीत, दोन समवयस्क साक्षीदार उभे करीत आणि सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांसमोर वयाच्या दाखल्यासाठी नेत. एका बाईने आयुष्यात सोसलेल्या गोष्टींनीच तिचे वय सिद्ध करण्याची ही रीत मी इतरत्र कुठेही पाहिलेली नाही. ही दोन पाने मी नकलून ठेवली आहेत.

आराधी बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या होत्या. त्यांच्या नातीने कागद घेतले. तिच्या कडेवर काही महिन्यांची मुलगी होती. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायचे असा राज्याचा नियम झाला आहे. तिने बाळाचा जन्मदाखला मला आवर्जून दाखवला. बासनावरच्या चिठ्ठीवर पणजीच्या नावापुढे तिच्या आईचे नाव होते. त्या गल्लीत मी दोन्ही कागद बराच वेळ शेजारी शेजारी धरून उभी होते.

तिसरा दिवस, बुधवार : धाराशिव, कळंब, अंबाजोगाई

या दिवशी एकच बासन द्यायचे होते आणि तेच मला सर्वांत जड वाटत होते. त्याच्या चिठ्ठीवर ‘अपात्र’ असे लिहिले होते.

धाराशिवहून कळंबची गाडी धरली आणि तालुक्यातील एका लहान गावी उतरून दोन किलोमीटर चालत शेतातील घरी गेले. या बाईच्या नवऱ्याने आत्महत्या केली, त्या वेळी तिचे वय तीस होते. शासनाची मदत 1 लाख रुपयांची आहे. त्यांतील 30 हजार हातात मिळतात आणि 70 हजार बँकेत ठेव म्हणून राहतात. मात्र त्यासाठी शेती, थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सारे कागदावर सिद्ध व्हावे लागते. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असेल तरच ते कर्ज. या घराला पैसे देणारा गावचाच होता आणि त्याच्याजवळ परवाना नव्हता. देताना त्याने कागद केला नव्हता, मागताना मात्र तो दररोज दारात येत होता. प्रकरण अपात्र ठरले. आत्यांनी फेरविचाराचे तीन अर्ज केले. तिन्हींच्या पोचा बासनात होत्या. तिन्ही फेटाळल्याची पत्रेही होती.

यश मिळाले ते दुसरीकडे. सासरे हयात असल्याने जमीन त्यांच्या नावावर होती आणि पतीच्या मृत्यूनंतर सुनेला तेथे कोणीही विचारात घेत नव्हते. आत्या सासऱ्यांशी वर्षभर बोलत राहिल्या. त्यांना दोष दिला नाही, भीती घातली नाही. दर महिन्याला येऊन नातवंडांची विचारपूस करीत आणि जाताना एकदाच म्हणत, ‘‘दाजी, तुमच्या डोळ्यांदेखत करा.’’ शेवटी त्यांनी वाटणी करून अडीच एकर सुनेच्या नावे केली. शिधापत्रिका वेगळी झाली, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान सुरू झाले. 1980 पासून चालत आलेल्या या योजनेत तिला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. तेवढ्यात घर चालत नाही, पण तेलमिठासाठी कोणाकडे पाहावे लागत नाही, असे ती म्हणाली.

मी तिला विचारले, हे अपात्रतेचे कागद तुम्हांला परत हवेत का? तिने ते एकेक करून पाहिले. मग म्हणाली, ‘‘ठेवते. पोरगा मोठा झाला की त्याला दावीन. बाप कशानं गेला ते सरकारनं लिहिलं नाही, पर आपुन लिहून दिलं होतं, हे त्याला कळंल.’’ अर्ज फेटाळला गेला तरी त्याची प्रत जपावी, असे आत्या का म्हणत, ते मला त्या ओसरीवर कळले.

केजमार्गे अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत रात्र झाली. निजामाच्या काळात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथे योगेश्वरीच्या शाळेत शिक्षणाचे काम केले होते. आत्यांचे या गावाशी नाते डॉ. शैला लोहिया यांच्या ‘मनस्विनी’ महिला प्रकल्पामुळे जुळले. टाकलेल्या, मारहाण झालेल्या बायकांना आसरा आणि सल्ला देणारे हे काम आत्या फार मानीत. आपल्याला कागद कळतात, पण घाबरलेल्या बाईला रात्री झोप कशी लागेल हे येथे कळते, असे त्यांनी मला एकदा सांगितले होते.

आत्यांना कागद कळत, याला एक कारण होते. आजोबा पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणावळ करीत आणि त्यांनी मुलीला मोडीबरोबर उर्दूही शिकवली होती. मराठवाड्यातील जमिनीचे जुने दस्त निजामी अमलातील असल्याने उर्दूत आहेत, आणि एखाद्या बाईने पेटीच्या तळातून काढलेला पिवळा कागद वाचून दाखवणारे माणूस तालुक्यात मिळत नसे. आत्या ओट्यावर बसून तो वाचीत आणि तिच्या सासूच्या सासूचे नाव त्यात निघाले की मोठ्याने उच्चारीत.

चौथा दिवस, गुरुवार : धारूर आणि बालाघाटातील दोन गावे

धारूरच्या घाटातून पुढे गेले की डोंगरउताराची गावे लागतात. दसऱ्यानंतर ही गावे ओस पडतात, कारण घरटी माणसे ऊसतोडीला जातात. रस्त्यावर म्हातारी माणसे, कुत्री आणि हंगामी वसतिगृहात जेवणाच्या घंटेची वाट पाहणारी मुले एवढेच दिसले. घरांना कुलपे नव्हती, दाराच्या कडीत दोरी ओवलेली होती.

ऊसतोडीत हिशेबाचे माप माणूस नसून कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा पुरुष असला तर अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो नवरा, अंगठा देतो नवरा, हिशेब होतो नवऱ्याच्या नावावर, आणि पहाटे तीनला उठून भाकरी थापून, दिवसभर मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई त्या कोयत्याच्या निम्म्या भागात बिननावाची राहते. एक दिवस खाडा झाला तर दंड दोघांनाही. पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, अंगावर जात असतानाही खाडा परवडत नाही. फडात न्हाणीघर नाही, पाणी नाही. यातून होणाऱ्या आजारांवर गर्भाशय काढून टाकणे हा उपाय बायकांना सांगितला गेला आणि अनेकींनी तो तिशीच्या आत स्वीकारला. 2019 मध्ये विधिमंडळात हा प्रश्न आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतील 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

त्या वर्षी आत्यांनी ऐंशी ओलांडली होती. तरीही त्या येथे दोन महिने राहिल्या. त्यांचे काम ठरलेले होते. ज्या बाईचे ऑपरेशन झाले, तिच्याजवळ दवाखान्याचा कागद आहे का? बहुतेकींजवळ पैसे भरल्याची चिठ्ठीसुद्धा नव्हती. पोटावरचा टाका हाच पुरावा होता. आत्या त्या बाईला घेऊन दवाखान्यात जात आणि तिच्या उपचाराची फाईल लेखी मागत. एका ठिकाणी त्यांना चार तास बाहेर बसवून ठेवले. त्या बसून राहिल्या आणि संध्याकाळी कागद घेऊनच उठल्या.

माझ्याजवळची दोन्ही बासने अशाच कागदांची होती. एक बाई गुडघेदुखीमुळे या हंगामात गावीच होती. तिने कागद घेतले, चहा केला, आणि ऑपरेशनविषयी एक शब्दही न काढता आत्या तिच्या घरी कोणती भाजी आवडीने खात ते सांगत राहिली. तांदुळजा, लसणाची फोडणी दिलेला. मीही काही विचारले नाही.

दुसरी फडात होती, सांगली जिल्ह्यात. तिच्या सासूने मोबाइल लावून दिला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी कोण ते सांगितल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘ताई, कागद सासूबाईंजवळ नका देऊ. शाळंच्या बाईंजवळ द्या, मही पोरगी तिथंच हाय.’’ मी सासूकडे पाहिले. तिने ते ऐकले होते आणि मान हलवून होकार दिला. शाळेच्या बाईंनी पाकिटावर मुलीच्या आईचे नाव घातले, ते शाळेच्या कपाटात ठेवले आणि मला पोच दिली. पोच देताना त्यांना कारण सांगावे लागले नाही. आत्यांनी त्यांच्याकडूनही पूर्वी पोचा घेतलेल्या होत्या.

पाचवा दिवस, शुक्रवार : रेणापूरमार्गे आमचे गाव

शेवटचे बासन आमच्याच गावचे होते आणि चिठ्ठीवरचे काम होते, ‘माझी जमीन’.

आत्यांचे पती 1960 मध्ये वारले. 1956 चा हिंदू वारसा कायदा येऊन चार वर्षे झाली होती आणि त्याप्रमाणे त्या पतीच्या वारस होत्या. तलाठ्याच्या दप्तरात मात्र वारस म्हणून दिराचे नाव लागले. ते दुरुस्त करून घ्यायला त्यांना अकरा वर्षे लागली. पोच घेण्याची सवय त्या अकरा वर्षांतली. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. खडीच्या कामावर हजेरी लिहायला माणूस मिळेना म्हणून साक्षर बाई म्हणून त्यांना बसवले. हजेरीपटावर ‘अमक्याची बायको’ असे लिहिण्याची रीत होती. त्यांनी प्रत्येकीला तिचे नाव विचारले. काही बायकांना लग्नानंतर कोणी प्रथमच त्यांचे नाव विचारत होते, आणि त्यांना ते सांगताना लाज वाटत होती.

1979 मध्ये आजोबा गेले, आणि आत्यांनी भावाकडे वाटा मागितला. बारा एकरांत त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वडील आणि मुलगा यांचे सहा-सहा, वडिलांच्या सहांत मुलगा आणि मुलगी निम्मे-निम्मे, म्हणजे आत्यांचे तीन एकर. त्यांनी तीनच मागितले. मागणी रीतसर होती आणि घरात मात्र जणू चोरी झाली असे वातावरण झाले. बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटते, असे आमच्याकडे म्हणतात, आणि ते तुटले. भाऊबीज थांबली. मी तेव्हा शाळेत होते. आत्या गावात येऊन शेत पाहून परस्पर जात आणि मला त्यांच्याकडे जायची बंदी होती. भूकंपाने ते बोलणे पुन्हा सुरू केले, हे वर आलेच आहे.

माझ्या वडिलांच्या मृत्यूनंतर, 2007 मध्ये, मी भावाला हक्कसोडपत्र लिहून दिले. दोनच वर्षांपूर्वी, 2005 च्या दुरुस्तीने, मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला होता. मला तो माहीत होता. मी आत्यांची भाची होते. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी सही केली, कारण मला भाऊबीज हवी होती. आत्या त्या दिवशी कार्यालयाबाहेर बाकावर बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, ‘‘नक्कल घेतलीस का?’’ मी घेतली नव्हती. त्या आत गेल्या आणि घेऊन आल्या. आज तीही या बासनात सापडली, माझ्या आईच्या नावासकट चिठ्ठी लावलेली.

आत्यांनी आपले तीन एकर मृत्युपत्राने एका बाईला दिले आहेत. गेली पंचवीस वर्षे ते शेत तीच कसते. ती मातंग समाजाची आहे. स्वतःची जमीन म्हणून तिच्याजवळ वीस गुंठे आहेत आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्यांच्या सातबाऱ्यावर तिचे नाव आत्यांनीच लावून घेतले होते. मृत्युपत्राची गोष्ट तिला माहीत नव्हती. मी तिला बांधावर बसून ते वाचून दाखवले. शेतात ज्वारी पोटरीत आली होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तुमच्या भावाला चालंल का?’’ मी म्हटले, ‘‘मी त्याला सांगून आले आहे.’’ तो काय म्हणाला ते तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

दुपारी आम्ही दोघी तलाठी कार्यालयात गेलो. आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचा अर्ज, सारे दोन प्रतींत, मी आदल्या रात्रीच अंबाजोगाईत लावून ठेवले होते. टेबलामागील तरुणाने कागद चाळले आणि सभ्यपणे सांगितले की अर्ज आता संगणकावर घ्यावा लागेल, सध्या नेटवर्क नाही, कागद ठेवून जा, सोमवारी बघू. मी पिशवी उचलली होती. खरे सांगायचे तर पाच दिवसांच्या प्रवासाने मी थकले होते आणि तो तरुण खोटे बोलत नव्हता.

ती मात्र जागची हलली नाही. टेबलावरील दुसरी प्रत तिने बोटाने त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, ‘‘नेटवर्क यील तवा यील. ह्याच्यावर शिक्का मारून द्या, साहेब. आन्‌ खाली आजची तारीख.’’

त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि खण उघडून शिक्का काढला.